मुळांचे हितचिंतक

माती तपासणीच्या खिडकीपुढे रांग होती. माझ्यापुढे एका शाळेचे हेडक्लार्क आणि तिथले माळीकाका उभे होते.

"साहेब, अकरा झाडांची मुळं कुजत होती. इथूनच जिवाणूंची पूड नेली, मुळाशी घातली. पाच झाडांना पालवी फुटली. मग फिनेल कुणी ओतलं?"

"मीच ओतवलं. पालकसभेत एक आई उठली. म्हणाली, मुलं खेळतात तिथे तुम्ही जिवाणू सोडलेत?"

"अहो, ते चांगले जिवाणू! मुळं कुजवणाऱ्या बुरशीला जवळ फिरकू देत नाहीत."

"हेच मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, चांगले कशावरून? दाखला आहे?"

"पालवी दाखवायची होती!"

"पालवी फायलीला लावता येत नाही, काका."

"आता त्या पाचांनीही माना टाकल्यात. फाटकाजवळचं झाड नुसता हात लावला तरी हलतंय. पोरांवर पडलं तर?"

"म्हणून तर आलोय. फक्त अर्जात जिवाणू हा शब्द नको."

"मग काय लिहिलंत?"

"मुळांचे हितचिंतक."

तेवढ्यात खिडकी उघडली. आतल्या बाईंनी अर्ज दोनदा वाचला.

"हितचिंतक? म्हणजे जिवाणूच ना?"

"हळू बोला, बाई. एका पाकिटात साधारण किती येतात?"

"असतील काही कोटी."

"कोटी? अहो, शंभराच्या वर पाहुणे शाळेत आणायचे तर संचालक मंडळाची मंजुरी लागते! पुढची बैठक तीन महिन्यांनी आहे."

"साहेब, तुम्ही मंजुरी आणा सावकाश. बाई, चार पाकिटं माझ्या पिशवीत टाका. माळ्याला फाटकावर कुणी काही विचारत नाही."