वसंताच्या घरी शवासन

योगाचं नाव काढलं की तुम्ही हसता, म्हणून हे सांगतोच. आमचा वसंता टी.वाय.ला एकदा नापास झाला होता. दुसऱ्या खेपेच्या परीक्षेला आठ दिवस उरले आणि त्याची झोपच उडाली. पुस्तक उघडलं की तेच पान पुन्हा पुन्हा वाचत बसायचा. मी कॉलेजात नुकताच योग शिकलो होतो. सकाळीच मुलुंडला त्याच्या घरी गेलो आणि त्याला चटईवर आडवा केला.

त्याची मालवणी आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ह्या काय चललाहा?"

"शवासन, काकू."

"शव? माझ्या झिलाक मडा करूक इलंस? चल, भायर हो."

वसंता पडल्या पडल्या म्हणाला, "जा रे बाबा, नाहीतर दोघांची वाट लागेल."

गेलो, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. काकू दारातच उभ्या. "आज कसला आसन?"

"विश्रांतीचं."

वसंता आडवा झाला. काकूंनी लगेच ओळखलं. "ह्या कालचाच."

"हो, कालचंच. नाव तुम्ही ठेवा, पण मला दहा मिनिटं द्या."

त्या समोरच बसून राहिल्या. मी वसंताला श्वास मोजायला लावला. सातव्या-आठव्या श्वासाला तो चक्क घोरायला लागला. आसनात झोपायचं नसतं, म्हणून मी त्याला हलवायला गेलो, तर काकूंनी माझं मनगटच धरलं.

"पाच रात्री डोळ्याक डोळो नाय त्याचो," त्या कुजबुजल्या. "उठवलंस तर याद राख. आणि उद्या वायच लवकर ये."