कसं लिहू नये

खोटं कशाला बोलू, दिगूवर मी जळतो. रोह्याच्या कॉलेजात आम्ही दोघं एकाच दिवशी मराठी शिकवायला लागलो. त्याची समीक्षेची तीन पुस्तकं झाली: एक कादंबरीवर, एक साहित्यातल्या नीतीवर, एक शोधनिबंध कसा लिहावा यावर. माझं एक पण नाय.

तिसरं पुस्तक मी पेन्सिल घेऊनच वाचायला बसलो, फक्त चुका काढायला. मधलंच एक पान उघडलं, तर त्यावर माझ्या शोधनिबंधातला अख्खा परिच्छेद! खाली माझं नाव नाय. पुस्तक तिथंच मिटलं, काखेत मारलं आणि थेट पेण गाठलं. वाचनालयात त्याचा सत्कार चालू होता.

मी भर सभेत उठलो. "नीतीवर लिहिणाऱ्या या माणसानं माझा परिच्छेद चोरलाय!"

दिगू कळवळून म्हणाला, "अरे, बस खाली."

"का बसू? माझाच हाय तो!"

"प्रकरणाचं नाव तरी वाच."

वाचलं. 'कसं लिहू नये.'

"तुझी लाज राखायला नाव गाळलं होतं रे," तो म्हणाला.

आता पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय. तीत माझं नाव टाकलंय. मीच मागितलं होतं ना!