चार हजार माणसांचा उजेड

दक्षिण चीनमधल्या नाननिंग शहराला जाणाऱ्या बसला अजून अर्धा तास होता. तिकीट खिडकीत बसलेल्या शुमेईला समोरच्या बाकावरचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. विद्यापीठातली एक मुलगी लॅपटॉप उघडून बसली होती आणि बदकाची अंडी घेऊन निघालेल्या नोंग आजी शेजारून त्यात डोकावत होत्या.

"हे काय गं पोरी, काळ्यावर पिवळं पिवळं?"

"उपग्रहाने रात्री काढलेला फोटो आहे, आजी. हे नाननिंग, हे छिनचोउ. मधे दहा वर्षांपूर्वी नुसता काळोख होता, आता बघा कसा लखलखाट! म्हणजे दोन्ही शहरांचा व्यापार वाढला, मधे वस्ती झाली."

"मधे तर आमचं गाव."

"हो? उजेडावरून तिथे मी चार हजार माणसं धरलीत."

"अगं बाई! ते ड्रॅगन फ्रूटचे मळे. रात्रभर दिवे लावले की झाडांना दिवस वाटतो, जास्त फुलतात. गावात मी आणि ओढ्यापलीकडचा म्हातारा लू. तोही या वसंतात वारला."

"बापरे! मग माझा अख्खा हिशेबच चुकला की. आजच खोडते तो आकडा."

"खोडू नकोस. मला त्याचा एक कागद काढून दे."

"तुम्हाला कशाला?"

"मुलाला दाखवते. तीन वर्षं झाली, नववर्षाला बोलावलं की म्हणतो, गावात आता आहेच कोण, कुणाला भेटायला येऊ? म्हणून अंडी घेऊन मीच त्याच्याकडे निघाले."

"देते, आजी."

"पण नीट बघ हं. त्या चार हजारांत मला धरलंयस ना?"