गिटारीबरोबर गोफण

पिरंगुटच्या थांब्यावर माझ्यापुढे गिटार अडकवलेला साहिल उभा होता. त्याला सोडायला आलेले घरमालक, बहिरूकाका, त्याच्या बॅगेत काहीतरी कोंबत होते.

"काका, ही गोफण कशाला?"

"परवासाला निघालायस न्हवं? भाकरी, ठेचा आन गोफण लागतीच."

"मी मुंबईला रॉक वाजवायला चाललोय. तिथं स्वस्तात वडापाव मिळतो."

"वडापाव खाऊन एवढं वरडायचं बळ येतंय व्हय?"

"ओरडणं नाही, गाणं आहे ते!"

"आसंल. मोबाईलात भरून भुईमुगात लावलं, तर वानरं तीन दिस फिरकली न्हाईत."

"म्हणजे माझं गाणं तुम्ही बुजगावणं म्हणून लावलंत?"

"लावलं. पर आता भीत न्हाईत. चौथ्या दिसापासनं बांधावर येऊन बसत्यात. शेंगंला हात लावत न्हाईत. गानं सपलं की उठून जात्यात."

"किती असतात?"

"काल बावीस हुती."

"आमच्या मागच्या कार्यक्रमाला नऊ जण होते. त्यात दोघं साउंडवाले."

"आरं, बस आली. चढ की."

"जाऊ दे ती. वानरं किती वाजता येतात, काका?"