पणजोबांची काठी

आमच्या इथल्या, कॅनडातल्या मिसिसागातल्या शेजाऱ्याचं, शॉनचं सांगितलं का तुम्हाला? आयरिश माणूस. आयर्लंडच्या इंग्रजांविरुद्धच्या क्रांतीच्या काळात त्याचे पणजोबा डब्लिनच्या कामगारांच्या सेनेत होते. बंदुका नव्हत्या, म्हणून हे लोक त्यांच्या हॉकीसारख्या खेळाच्या चपट्या काठ्या खांद्यावर घेऊन कवायत करायचे. त्यातलीच एक काठी शॉननं घराचं पेंटिंग होईपर्यंत आमच्या बेसमेंटमध्ये जपायला दिली.

परवा तो न्यायला आला, तर नागपूरहून आलेली आमची आई बॅकयार्डात त्याच काठीनं ओली गोधडी बडवतेय!

मी ओरडलो, "आई, ती हिस्टॉरिकल आहे!"

"असू दे. मशीननं मळ निघतो का? हे धोपाटणं झकास आहे."

मी शॉनची माफी मागू लागलो. शॉन मात्र पोट धरून हसला. म्हणाला, "पणजोबांनी नुसती कवायत केली रे. या काठीचा मार कसा बसतो, ते चार पिढ्यांत आज पहिल्यांदा दिसलं!"