उंदरांनी केलेली सुगी

(डाकोटाचा गवताळ माळ, हिवाळ्याच्या तोंडावर. गुड्रूनच्या ढेकळांच्या नव्या घरापुढे तिघं बसली आहेत : गुड्रून, तिचा शेजारी हाल्वर आणि नदीकाठच्या डाकोटा वस्तीतली म्हातारी हापान.)

हाल्वर : ...कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण पहिल्या हिवाळ्यात माझी सुगी उंदरांनी केली. शपथेवर सांगतो.

गुड्रून : शपथ राहू द्या, काका. उंदरांचं बोला.

हाल्वर : मी नॉर्वेहून आलो तेव्हा या माळावर चिटपाखरू नव्हतं.

हापान : आम्ही होतो.

हाल्वर : चिटपाखरू म्हणालो मी, म्हातारे. माणसं नव्हती असं कुठं म्हणालो?

हापान : बरं झालं. एवढं तरी दिसलं तुला.

हाल्वर : तर मी शीळ घातली. लांबलचक. आणि उंदीर आले की रांगेनं! भुईत पिकणारे रानघेवडे उकरले, सोलले, बिळात रचले. मी नुसता पोतं धरून उभा.

गुड्रून : पोतं धरायचे कष्ट तरी कशाला घेतलेत? त्यांनाच सांगायचं होतं.

हाल्वर : कर चेष्टा. नदी ओलांडताना तुझी गाडी कलंडली, पीठ भिजलं, आता बुरशी धरतंय. नवरा रेल्वेच्या कामावर. पोरांना काय, माझ्या गोष्टी खायला घालणार आहेस? बर्फ पडला की उंदरांनी घेवडे साठवलेली बिळं सापडत नाहीत. मला जागा ठाऊक आहेत. दाखवतो. तुझी ती लोखंडी चूल दे.

गुड्रून : चूल दिली तर घेवडे शिजवू कशावर?

हाल्वर : माझ्याकडे ये की शिजवायला! शेजारधर्म कळतो मला.

गुड्रून : हो, माझ्याच चुलीवर मला पाहुणी बोलवाल. मन मोठं आहे तुमचं.

हाल्वर : मग राहू दे. पोरांना सांग, आई मानी आहे.

गुड्रून : ...उद्या सकाळी बैल घेऊन या. एकट्यानं उचलायची नाही ती.

हापान : थांब, पोरी. हाल्वर, बीळ उघडलंस की सगळे दाणे काढून घेतोस?

हाल्वर : छे छे! राक्षस आहे का मी? तुमचीच रीत पाळतो. दाणे घेतले की बदल्यात मका ठेवतो, वर माती सारतो. हात जोडून म्हणतोसुद्धा, ‘उंदीरमामा, राग मानू नका, हिवाळा सुखाचा जावो.’ म्हणून तर दरवर्षी त्याच बिळांत पुन्हा भरलेली कोठारं मिळतात मला!

हापान : मका कसला ठेवतोस?

हाल्वर : कसला म्हणजे? माझ्या शेतातला. पिवळाधमक.

हापान : त्या बिळांत निळा असतो.

हाल्वर : निळा... असेल एखादं कणीस तसलं.

हापान : सगळा निळा. माझ्या शेतातला. तू पोतं भरून शीळ घालत घरी जातोस ना, तेव्हा मी मागून येते. तू उघडी टाकलेली बिळंही मीच बुजवते.

हाल्वर : वारा सुटलाय. माझी गाय बाहेर राहिली.

गुड्रून : जा, जा. ती शिळेनं येत नसेल.

हापान : चूल ठेव तुझी. टोपली घे आणि चल, उजेड आहे तोवर दाखवते.

गुड्रून : हापानबाई, इतकी वर्षं याच्यामागून मका ठेवत गेलात? या माणसासाठी?

हापान : याच्यासाठी कशाला? उंदरांनाही पोरं असतात.