इंजिनाला पाडलेलं भोक

सरकारी अनुदानाच्या रांगेत माझ्यापुढे एक ट्रकवाला आणि त्याची बायको बोलत होते.

"जुनं डिझेल इंजिन मोडल्याशिवाय कमी धुराच्या नव्याला अनुदान नाही, असं इथले साहेबच म्हणाले. म्हणून मी त्याला भोक पाडलं."

"अहो, ते साहेबांसमोर पाडायचं होतं! आधी इंजिन चालतं हे दाखवून."

"परक्या हातानं पाडलेलं मला बघवलं नसतं गं."

"आता जुनंही गेलं आणि नवंही नाही. ट्रक काय मी ढकलू?"

"भोक पाडण्याआधी एकदा चालू केलं होतं. पहिल्याच चावीला उठलं बिचारं."

"पाहिलं कुणी?"

"तूच. धूर येतो म्हणून माझ्या नावानं शंख करत खिडकी लावलीस."

"सरका बाजूला. साहेबांशी मी बोलते."